काल्याचा घास

या मंडळी, असे जवळ या. खांबाआड बसलेल्या माउली, तुम्हीही थोडं पुढं सरका. आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. खरं तर ती अजून घडलेलीही नाही; वीस-बावीस वर्षं आहेत तिला अजून. पण कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला काळाचं काय मोठंसं? युगांपूर्वीचं गोकुळ आपण काल बघून आल्यासारखं सांगतो-ऐकतो, मग उद्याचं आंबेडोह आज बघून आल्यासारखं सांगायला काय हरकत? गोष्टीत एक पखवाज आहे, दोन बहिणी आहेत, आणि डोळ्यांना कधीही न दिसणारं एक कवच आहे. शेवट गोड नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तरी ऐका.

आंबेडोह कृष्णाकाठी, मिरजेहून तासाभराच्या वाटेवर. घाटाच्या बेचाळीस पायऱ्या चढून गेलं की विठ्ठलाचं देऊळ. देवळाचा गुरव रंगनाथ. सकाळी पूजा, संध्याकाळी पखवाज. पंचक्रोशीत सप्ताह कुठंही असो, दिगंबरबुवांचं कीर्तन म्हटलं की पखवाजावर रंगनाथच. बुवा म्हणायचे, "रंग्या, तुझी थाप पडली की माझ्यासारख्या म्हाताऱ्यालापण नाचावंसं वाटतं. गुडघ्यांचा खर्च तुझ्याकडून घेणार हां मी."

रंगनाथ आणि शैलजा यांना दोन मुली. थोरली वेदश्री सोळा वर्षांची, धाकटी ओवी अकराची. दोघा नवराबायकोंच्या रक्तात एकाच जागी एकेक चूक झोपलेली होती. एकच चूक असली की ती आयुष्यभर झोपूनच राहते. पण दोघी मुलींच्या वाट्याला दोन्हींकडून ती आली आणि जागी झाली. स्नायूंना धरून ठेवणारं एक प्रथिन त्यांच्या अंगात तयारच होत नव्हतं. वेदश्री बाराव्या वर्षी पायरीवर अडखळली, चौदाव्या वर्षी कठडा धरायला लागली, आणि सोळाव्या वर्षी रंगनाथ तिला पाठीवर घेऊन देवळात आणू लागला. ओवी अजून पळत होती, पण जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून उठायची. आईबापांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं, तरी दोघांनाही ते दिसत होतं.

मिरजेच्या एका दवाखान्यात डॉ. नीलोफर मुजावर होत्या. त्यांच्याकडं औषध होतं. ते औषध म्हणजे एक विषाणू.

"विषाणू?" शैलजा खुर्चीतून अर्धी उठलीच. "अहो, मॅडम, आहे तेवढं दुखणं पुरे की आम्हाला!"

डॉक्टर हसल्या. "बसा वहिनी. माझे आजोबा तंबोऱ्याचे भोपळे कोरायचे, सतारमेकर गल्लीत. हिरवा भोपळा खायचा असतो, तो गर असतो तोवर. वाळवला, गर आणि बिया काढून टाकल्या की उरतं नुसतं कवच. मग त्याला दांडी लावा, तारा ओढा, आणि त्यातून 'सा' ऐका. आम्ही विषाणूचं तेच केलंय."

ओवी टेबलावर कोपर टेकून ऐकत होती. "पण त्याच्यात गर काय असतो?"

"मजकूर असतो. विषाणू म्हणजे दोनच वस्तू. बाहेर प्रथिनाचं कवच, आत 'मला असं असं घडवा' एवढाच मजकूर. कुणाचा मजकूर डीएनएत लिहिलेला, कुणाचा आरएनएत. कुणाचा एकपदरी, कुणाचा दुपदरी. कवच कुणाचं मळसूत्रासारखं गुंडाळलेलं, तर कुणाचं वीस त्रिकोण जोडून केलेल्या डब्यासारखं. वरून काहींच्या अंगावर चरबीची शाल असते, साबण लागला की ती विरघळते. काही उघडेच फिरतात. ह्यावरून त्यांची कुळं ठरवतात."

"म्हणजे गोत्रं."

"गोत्रंच की. तुझ्या ताईसाठी निवडलाय तो अगदी छोट्या गोत्रातला. उघडा, वीस त्रिकोणांचा, एकपदरी डीएनएचा. इतका परावलंबी की पेशीत शिरूनसुद्धा दुसऱ्या विषाणूची मदत मिळाल्याशिवाय त्याची वाढ होत नाही. कुणाला आजारी पाडल्याचं ऐकिवात नाही."

रंगनाथनं विचारलं, "मॅडम, वाढ होत नाही म्हणजे? बाकीच्यांची कशी होते?"

"पेशीच्या दाराला एक कडी असते. ज्याला ती कडी काढता येते तो आत शिरतो. आत गेला की कवच उकलतं, मजकूर मोकळा होतो. पेशीला कळत नाही की हा मजकूर परका आहे. ती आपल्या यंत्रांवर त्याच्या शेकडो प्रती काढते, कवचं घडवते, एकेकात एकेक प्रत भरते, आणि एक दिवस फुटून सगळे बाहेर. विषाणू स्वतः काही करत नाही. त्याला खाता येत नाही, श्वास घेता येत नाही."

रंगनाथ म्हणाला, "म्हणजे त्याच्याजवळ चरण असतो, गळा नसतो. बुवा चरण सोडतात आणि टाळकरी उचलतात, तसं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना मी हेच सांगणार," त्या म्हणाल्या. "आम्ही त्याचा चरण काढून टाकला आणि तुमच्या मुलींत जो चरण चुकलाय तो नीट लिहून आत ठेवला. आता तो शिरेल, मजकूर देईल, संपेल. त्याची प्रत निघणार नाही. म्हणून सगळी कवचं एकदमच द्यावी लागतात. चारावर पंधरा शून्यं, इतकी. ती कारखान्यात पेशींच्या टाक्यांत घडवायला महिने लागतात. सरकारी योजनेत एका खेपेला एका घरात एकच डोस. पुढची खेप नऊ महिन्यांनी."

कुणाला आधी, हे विचारायचं धाडस कुणालाच होईना. शेवटी ओवीच म्हणाली, "ताईला. ती जाम जड झालीय, आप्पांची पाठ मोडेल."

"तूच जड!" वेदश्रीनं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि त्या धपाट्यात जोर किती कमी होता ते सगळ्यांनाच जाणवलं.

मग डॉक्टर पुढं वाकल्या. गोष्टीचं सगळं ओझं आता त्या जे बोलल्या त्यावर आहे, म्हणून नीट ऐका.

"हा डोस आयुष्यात एकदाच. कारण शरीर कवच लक्षात ठेवतं. आत औषध आहे की विष, ते शरीर बघत नाही. पहिल्यांदा ते गाफील असतं. दुसऱ्यांदा दारातच अडवतं, आणि असं अडवतं की माणूस दगावू शकतो. आता वेदश्रीला डोस दिल्यावर तिच्या थुंकीतून, अश्रूंतून, मलमूत्रातून काही दिवस ही कवचं बाहेर पडणार. ती ओवीच्या तोंडानाकात गेली तर तिला काही आजार होणार नाही. त्याहून वाईट होईल. तिचं शरीर कवच ओळखून बसेल, आणि मग तिचा डोस कायमचा गेला. आम्ही हे कवच चिवट केलंय; पोटात जिरत नाही, तोंडाच्या आतल्या त्वचेतूनसुद्धा वाट काढतं. तोच त्याचा गुण आणि तीच त्याची भीती. म्हणून पंचेचाळीस दिवस दोघी वेगळ्या. एक ताट नाही, एक टॉवेल नाही, एक गडवा नाही. कळलं?"

"कळलं," चौघंही म्हणाली.

पौषात वेदश्रीला डोस मिळाला. चार तास सलाईनमधून स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी तिच्या अंगात गेलं. परत आल्यावर तिला देवळामागच्या ओवरीत ठेवलं. तिच्याजवळ रंगनाथ, घरी ओवीजवळ शैलजा. रंगनाथ घरात यायचा तो नदीत बुडी मारून, कपडे बदलून. शैलजानं घराच्या उंबऱ्याबाहेर तांब्या, साबण, चुन्याच्या निवळीची बादली मांडून ठेवलेली. शेजारीण म्हणाली, "काय गं, सोवळं पाळायला लागलीस का?" शैलजा म्हणाली, "हो. आणि ह्यात सवलत नाही, आत पाय टाकू नका."

बहिणी फोनवर एकमेकींची तोंडं बघायच्या.

"ओवे, आज मी न धरता उभी राहिले. आठ आकडे मोजून."

"आठच? मी पन्नास राहते."

"राहशील गं. जुन्या लग्नपत्रिकांचं काय करतेयस?"

"विषाणू. वीस त्रिकोण कापायचे आणि चिकटवायचे. आई ओरडते, सगळी खळ संपवली म्हणून. तुझ्यासाठी एक केलाय, पण पाठवता येत नाही. डॉक्टर म्हणतात वस्तू तिकडं गेलेली चालेल, तिकडनं इकडं नको, पण आई कशालाच हो म्हणत नाही."

एकविसाव्या दिवशी माघातल्या सप्ताहाची समाप्ती आली. काल्याचं कीर्तन.

आंबेडोहचा काला तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगायला हवं. दहीहंडी फुटते, लाह्या, पोहे, दही, लिंबाचं लोणचं एका परातीत कालवलं जातं. इथवर सगळीकडं सारखंच. पण आंबेडोहात त्या वर्षी ज्याच्या घराकडं देवानं पाहिलं, त्या घरच्या माणसानं पहिला घास तोडायचा. त्यानं दातांनी तोडून उरलेला घास मग घरच्यांनी वाटून खायचा. तो घास घरात पुरा झाला, हे बुवांनी डोळ्यांनी पाहिलं की मगच गाव परातीत हात घालतं. तोवर कुणी शीतही उचलत नाही. काल्यात उष्टं नसतं, असं बुवा दरवर्षी सांगायचे. गोपाळांच्या तोंडातले घास कृष्णानं काढून खाल्ले. ती उष्टी शितं मिळावीत म्हणून देव यमुनेत मासे होऊन आले, आणि गोपाळांनी लबाडी केली, हात नदीत न धुता घोंगड्यांना पुसले. एवढं सांगेतो बुवांचे डोळे वाहायला लागायचे आणि ऐकणाऱ्यांचेही.

रंगनाथनं बुवांना आधी सांगितलं होतं. वेदू लांब बसेल, नगारखान्याखाली, तोंडाला मास्क. बुवा म्हणाले होते, "बसू दे की, ऐकू दे पोरीला." शैलजा महाप्रसादाच्या चुलींवर होती, देवळाच्या पाठीमागं. ओवी बापाशेजारी बसली होती. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक मळायचं काम तिचंच. दोघी बहिणींच्या मध्ये सगळा मंडप होता. एकमेकींना हात करून झालं होतं.

हंडी फुटली. टाळ टिपेला गेले. बुवा पंचाहत्तरीचे, वीणा गळ्यात, घामानं ओले, कुठल्या लोकात होते कोण जाणे. त्यांनी लाडूएवढा काला मुठीत घेतला आणि हाक दिली, "वेदू! माउली, ये. यंदा विठोबानं तुझ्या घराकडं बघितलं!"

वेदश्री उठली. न धरता उठली. सारा मंडप तिच्याकडं बघत राहिला. दोन वर्षांत ही मुलगी कुणी आधाराशिवाय चालताना पाहिली नव्हती. बायांनी पदर डोळ्यांना लावले. ती हळूहळू चालत आली, बुवांसमोर थांबली, मास्क खाली केला, दातांनी घासाचा तुकडा तोडला, आणि मास्क वर ओढून पुन्हा मागं फिरली. तिला वाटलं, आपलं काम झालं; पुढचं आप्पा सांभाळतील. बुवांनी उरलेला घास रंगनाथच्या तळहातावर ठेवला. "घरात पुरा कर, रंग्या. गाव थांबलंय."

रंगनाथनं बराचसा खाल्ला. तळहातावर बोराएवढा उरला.

तीनशे माणसं हात पुढं करून उभी होती. लेकरं परातीकडं टक लावून होती. बुवा बघत होते. विटेवरचा तो बघत होता. शैलजा पाठीमागं चुलींवर. आणि शेजारी ओवी.

रंगनाथला आठवलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण आठवलं. डॉक्टरांचं पुढं वाकणं आठवलं, चुन्याची बादली आठवली. सगळाच आपण खाऊन टाकावा, असंही मनात आलं. पण बुवा बघत होते, आणि घरात दुसरं माणूस असताना घास एकट्यानं संपवायचा नसतो. मग दुसरा विचार आला, आणि तो फार गोड होता: चिमूटभर दहीपोहे. तेही देवाच्या दारात. ज्यानं थोरलीला चालवलं, तो धाकटीचं वाईट करील?

त्यानं घास ओवीच्या तोंडाशी नेला. ओवीनं बापाच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंड उघडलं.

"पुंडलिक वरदा..." बुवांनी हाक दिली, आणि गाव परातीवर तुटून पडलं. त्या गर्दीत कुणी कुणाला काय भरवलं, ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

वैशाखात पुढच्या खेपेच्या यादीसाठी ओवीचं रक्त तपासलं. डॉक्टर मुजावरांनी अहवाल दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा. त्यांचा चेहरा बघून शैलजानं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"कवच ओळखतंय तिचं शरीर," डॉक्टर म्हणाल्या. "खूप जोरात ओळखतंय. वहिनी, कुठं संपर्क आला का? एखादा पेला, एखादा रुमाल? रागावणार नाही मी. मला समजायला हवं."

"नाही," शैलजा म्हणाली. "देवाशपथ नाही. मी डोळ्यांत तेल घालून..." आणि ती थांबली. "एकदा ह्यांचा सदरा मी घरातल्या कपड्यांत धुतला होता. पहिल्याच आठवड्यात. लक्षात नव्हतं. त्यानं झालं असेल?"

ओवीनं बापाकडं पाहिलं. रंगनाथनं भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं. तिथं वीस त्रिकोणांचं एक चित्र होतं. ओवीनं मान खाली घातली.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "असेलही."

त्या 'असेलही'वर शैलजाचे सहा महिने गेले. तिनं तो सदरा जाळला. हात धुवायला लागली की थांबेना. कुणी पाणी मागितलं तर आधी भांडं तीनदा विसळायची. देवळात जाणं सोडलं. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाली. वेदश्री आता पायऱ्या चढत होती, एकदा तर दोन-दोन करून चढली, आणि आई बघून खुश होईल म्हणून घरी सांगत आली. शैलजानं तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरून ओवीकडं बघत रडली. तेव्हापासून वेदश्रीनं घरात जिन्यापायऱ्यांचं नाव काढलं नाही.

रंगनाथ पूजा करायचा, पखवाज वाजवायचा, आणि शैलजाच्या हातांकडं बघायचा नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी तो ओवीला शाळेत सोडायला निघाला. ती आता फार चालत नव्हती. सायकलच्या मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आप्पा, आईचे हात बघितले का?"

"हं."

"बोटांच्या मधनं रक्त येतं. काल भाकरीला लागलं."

रंगनाथनं पायडल मारणं थांबवलं. सायकल तशीच थोडी पुढं गेली आणि थांबली.

"मी नाही सांगायची कुणाला," ओवी म्हणाली. "पण तुम्ही सांगा ना आईला."

तो तिला शाळेत सोडून परत आला. शैलजा चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं उभ्यानंच सांगितलं. काला, बुवा, थांबलेलं गाव, तळहातावरचा घास. आणि शेवटी म्हणाला, "विसरलो गं मी. त्या गर्दीत ध्यानातच राहिलं नाही."

शैलजा भाकरी थापायची थांबली नाही. ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली. फुगली ती. काढून बुट्टीत ठेवली. मग म्हणाली, "सहा महिने मी तो सदरा डोळ्यांपुढं धुतेय."

"शैला..."

"बोलू नका. विसरलात ना? माणूस विसरतं. मी काय म्हणणार?" तिनं पीठ झटकलं. हातांवर पांढऱ्या पिठात लाल चिरा दिसत होत्या. "एक करा. इथून पुढं तिला उचलायचं तुम्ही. घाट चढवायचा तुम्ही, उतरवायचा तुम्ही. पाणी तुम्ही, आंघोळ होईस्तोवर दाराशी बसायचं तुम्ही. मी नाही म्हणतेय असं नव्हे. पण मी दमले."

वेदश्रीला कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "माझ्या तोंडातून?" आणि आंबेडोह सोडून ती मिरजेला गेली. डॉ. मुजावरांच्या प्रयोगशाळेत पेशींच्या टाक्या सांभाळायचं काम मिळालं, तिथंच शिकत राहिली. शरीराला अनोळखी असं दुसरं कवच, दुसऱ्या गोत्रातलं, शोधणं हे तिथलं काम होतं. दर रविवारी ती फोन करायची, आणि ओवी विचारायची, "मिळालं का गं गोत्र?" वेदश्री म्हणायची, "शोधतेय, स्थळं बरीच आहेत. पत्रिका जुळत नाही." दोघी हसायच्या. फोन ठेवल्यावर कोण किती हसायचं ते विठोबाला ठाऊक.

आठ वर्षं रंगनाथनं ओवीला उचललं. आधी हात धरून, मग खांद्याशी, मग पाठीवर, शेवटी दोन्ही हातांवर तान्ह्या लेकरासारखं. बेचाळीस पायऱ्या वर, बेचाळीस खाली. कीर्तनाला ती कधी चुकली नाही. बुवांचं वय ऐंशीच्या पलीकडं गेलेलं. ते ओट्यावर येऊन तिच्याशी वाद घालत बसायचे.

"बुवा, विषाणू जिवंत की मेलेला?"

"तू सांग."

"बाहेर असतो तेव्हा धुळीसारखा. कुणाच्या तरी आत शिरल्याशिवाय त्याला जीव नाही. पुस्तकवाले भांडतात ह्यावर."

"मग त्याला जिवंत कसं म्हणायचं गं?"

"मग देव पण तसाच का, बुवा? माणसात शिरल्याशिवाय काहीच करत नाही."

बुवांनी उपरणं डोक्यावर घेतलं आणि नदीकडं बघितलं. मग हसायला लागले. "पोरी, चाळीस वर्षं निरूपण करतोय मी. फुकट गेलं बघ सगळं." पुढच्या एकादशीला त्यांनी ते कीर्तनात घेतलं, आणि कुणाचं आहे ते नाव घेऊन सांगितलं. पखवाजावर रंगनाथचा हात त्या दिवशी दोनदा चुकला.

आठव्या वर्षी दुसरं कवच मिळालं. वेदश्रीनं ते सांगायला फोन केला नाही, स्वतः आली, डॉक्टरांना घेऊन आली. ओवीच्या रक्तात ते कवच मिसळून पाहिलं. शरीरानं ते ओळखलं नाही. दार उघडं होतं. पण ओवी आता एकोणीस वर्षांची होती, आणि स्नायू म्हणजे फक्त हातपाय नव्हेत. हृदयही स्नायूच. डॉक्टर मुजावरांनी दोन दिवस तपासण्या केल्या आणि ओट्यावर बसून तिलाच सांगितलं, कारण ती आता मोठी होती. इतक्या कवचांचा धक्का हे हृदय सोसणार नाही.

"म्हणजे पत्रिका जुळली आणि नवरीच आजारी," ओवी म्हणाली. तेव्हा वेदश्री उठून घाटावर गेली. ती परत येईतो सूर्य डोक्यावर आला होता.

चैत्रातल्या एका दुपारी, शैलजा डाळ वाटत असताना, रंगनाथ ओवीला उशीला टेकवून बसवत होता. बोलताना आता तिला मध्ये थांबावं लागायचं.

"आप्पा, एक विचारू? खरं सांगा."

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही खरंच विसरला होता का?"

रंगनाथचे हात उशीवर तसेच राहिले. बाहेर पाट्यावरचा वरवंटाही थांबला होता. शैलजाला ऐकू जात होतं, आणि ते त्याला कळत होतं. आठ वर्षांपूर्वी चुलीपुढं जे बोलला होता, त्याच्याच आडोशानं तो आजवर त्या घरात जेवला, झोपला होता.

"नाही," तो म्हणाला. "आठवलं होतं. आठवलं होतं, तरी भरवला."

ओवीनं डोळे मिटले, उघडले. "मलापण आठवलं होतं."

"मग बाळ, तोंड का उघडलंस?"

ती जरा दम घेत थांबली. अगदी साधी गोष्ट विचारल्यासारखं तिनं त्याच्याकडं बघितलं.

"तुम्ही भरवत होता ना," ती म्हणाली.

मग शैलजा आत आली. वाटलेल्या डाळीचे हात तसेच, पदराला न पुसलेले. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही. पण ओवीच्या दुसऱ्या बाजूला बसली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "तुम्ही मान धरा, मी पाय घेते. आपण दोघं मिळून नीट बसवू तिला."

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, भर दुपारी, आई, बाप आणि ताई तिघंही जवळ असताना ओवी गेली.

मंडळी, गोष्ट संपली. रंगनाथला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं; दिगंबरबुवा त्यानंतर वर्षभर जगले, सगळं कळूनही त्यांनी ठरवलं नाही. मागणं एवढंच, की आंबेडोहच्या ओवी रंगनाथ गुरव हिची आठवण ठेवा. दुखण्यासाठी नको. तिला चहात आलं भरपूर लागायचं, पावसाळी नदीचा गढूळ वास आवडायचा, आणि आरती लांबली की ती बापाच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून खुशाल घोरायची. तशी आठवा. घरी जाल तेव्हा आपल्या माणसांत बसून एकदा तिचं नाव घ्या.